दोघी मिळून

खोडरबराचा उरलेला तुकडा चण्याएवढा झाला होता आणि कागदावर घासला की खोडण्याऐवजी पेन्सिलीचं काळं आणखीच पसरवत होता, तरी ती घासतच राहिली. ‘सव्वादोन तास’ हे उत्तर तिला डोळ्यांसमोर नको होतं. सकाळपासून तेच येत होतं आणि दरवेळी चूक निघत होतं.

अ एक काम पाऊण तासात करते. ब तेच काम दीड तासात करते. दोघी मिळून ते काम किती वेळात करतील?

“अगं, बेरीज नाही करायची,” पलंगावर पाय पसरून बसलेला नवरा म्हणाला. “अ एकटीच पाऊण तासात उरकते ना? मग ब मदतीला आल्यावर सव्वादोन तास कसे लागतील?”

“तुमची बहीण मदतीला आली की लागतात.”

तो खो खो हसला. ती हसली नाही, कारण तिनं विनोद केलाच नव्हता. कोण ह्या अ आणि ब? ह्यांना मध्येच कुणी हाक मारत नाही, ह्यांचं दूध उतू जात नाही, पाठीत उसण भरत नाही. पाऊण तास म्हणजे पाऊण तास... असा सलग पाऊण तास मला लग्नानंतर कधी मिळाला आहे का?

पण उद्या परीक्षा होती. इस्पितळाच्या धुलाईघरात घड्या घालणाऱ्या बायकांमधून एक सुपरवायझर नेमायची होती — जागा एकच — आणि निम्मे गुण ह्या असल्या गणितांना होते. डॉक्टरीणबाईंनी तिची सुजलेली मनगटं दाबून पाहिली होती आणि म्हणाल्या होत्या, ओल्या कपड्यांचं ओझं उचलणं बंद करा. जणू चादरी आपल्या पायांनी चालत मशीनमधून बाहेर येणार होत्या! सुपरवायझरला खुर्ची असते, टेबल असतं, उचलायला फक्त पेन. ही जागा हुकली तर वर्षभरात हातात चमचाही धरवणार नाही, हे ती जाणून होती, आणि घोडं अडलं होतं ते ह्या दोन रिकामटेकड्या बायांपाशी.

“हे बघ, एकाला पाऊणनं भाग,” नवरा म्हणाला. तो वायरमन, जोडणी चुकली की दिवा लागत नाही, एवढं साधं जग त्याचं.

“भागलं की कमी होतं ना?”

“इथे वाढतं.”

“का?”

“वाढतं म्हणजे वाढतं! उलटं करून गुण!” त्याचा आवाज चढला, गणित कानानं कमी ऐकत असल्यासारखा. मग स्वतःच ओशाळला. “चहा टाकू?”

“टाका.”

तो स्वयंपाकघरात गेला आणि ती पुन्हा त्या तीन ओळींकडे बघत बसली. अ म्हणजे मी, असं तिनं पहिल्यापासूनच धरलं होतं — कामाला पहिली, हाताला चलाख. आणि ब... ब कोण असणार? बारा-तेरा वर्षं घड्या घालायच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला एकच बाई उभी होती. लंबू. तिला सगळं धुलाईघर लंबू म्हणायचं आणि हिला बुटकी, आणि मोठी चादर चारी कोपऱ्यांनी धरली की ती लंबूच्या बाजूनं वर आणि हिच्या बाजूनं खाली घसरगुंडीसारखी कलायची, म्हणून लंबू कुणाला न सांगता गुडघ्यांत वाकून उभी राहायची. कोपऱ्याला कोपरा, पुढे यायचं, बोटं बोटांना लागायची, मागे जायचं... तोंडं चालूच, सासवा, मुलं, सिनेमे, आणि धुतलेल्या चादरींची ढकलगाडी कधी रिकामी झाली ते कळायचंही नाही.

मग त्या दिवशी फोटो स्टुडिओत, आरशासमोर. ही शिरली तेव्हा लंबू भांग सारखा करत होती. दोघींनी आरशातूनच एकमेकींना पाहिलं. सुपरवायझरच्या अर्जाला लावायचा फोटो! एकीनंही दुसरीला सांगितलं नव्हतं. “तू पण?” लंबू म्हणाली. “तू पण?” ही म्हणाली. बस्, तेवढंच. लंबूचा नवरा शिडीवरून पडल्यापासून घरी बसून आहे, हे हिला माहीत होतं. हिची मनगटं लंबूला माहीत होती. अजून त्या त्याच टेबलावर उभ्या राहतात, पण तोंडं मिटलेली, आणि लंबू आता गुडघ्यांत वाकत नाही. चादर कलते, जमिनीला लागते, पुन्हा धुवायला जाते. गाडी संपता संपत नाही. सव्वादोन तासच लागत असतील, हेच खरं उत्तर आहे, लिहा की पुस्तकात!

संतापानं तिनं पेन्सिल आपटली. आणि मग, कुणी ऐकत नसताना माणूस जसं खरं बोलून टाकतं तसं, तिच्या मनात आलं... अ मी नाही. चलाख हात लंबूचे. मी ब.

बरं. मी दीड तासात एक गाडी संपवते. तेवढ्यात लंबूच्या किती होतील? पाऊण तासात एक, पुढच्या पाऊण तासात दुसरी. दोन. तिच्या दोन, माझी एक. दीड तासात दोघी मिळून तीन गाड्या.

म्हणजे एक गाडी — अर्धा तास.

तिनं पान उलटून मागचं उत्तर पाहिलं. अर्धा तास. भागाकार नाही, उलटं करणं नाही, काही नाही. “अहो!” ती ओरडणार होती, पण आतून कपबशांचा आवाज आला आणि तिच्या लक्षात आलं की नवऱ्याला सांगायचंच नव्हतं. हे सांगायला एकच माणूस होतं. लंबूला अपूर्णांक म्हटलं की धडकी भरते. आत्ता दोन गल्ल्या पलीकडे ती ह्याच गणितापाशी अडून बसली असेल.

मनातल्या मनात ती सांगूही लागली — हे बघ लंबू, तासांचा विचारच सोड, गाड्या मोज. दीड तासात माझी एक. तुझ्या किती? बघ बरं... लंबू भुवया उंचावून तिच्याकडे बघत होती, ओठ हलत होते. दोन, म्हणाली. शाबास! मग दोघींच्या मिळून तीन. आणि आता...

लंबू वाट बघत होती, पुढे वाकून, पूर्वीसारखी गुडघ्यांत वाकून, आणि हिच्या तोंडून शेवटची ओळ निघेना. खोलीत कुणी नव्हतं, मनातल्या मनात बोलून कुणाचं काही जाणार नव्हतं, तरी निघेना. एवढी कोत्या मनाची आहे मी? तिनं स्वतःला विचारलं. चहा समोर येऊन निवत होता, नवरा “काय झालं, जमलं का?” विचारत होता, आणि उत्तर आलेलं असूनही तिला ‘हो’ म्हणता येत नव्हतं.