पेमाची खिरापत

"आई, आपल्या घरी भुलाबाई नको."

पेमा हे म्हणाली तेव्हा मी तिच्या डोळ्यांत काजळ घालत होते. शाळेची बस यायला दहा मिनिटं होती. माझं बोट तिथंच थांबलं.

"काऊन वं? उद्या त आपला नंबर आहे."

"सुरभी म्हणते, पेमाच्या डब्यात मोमोच राहीन. नाई त झुरळं. चायनावाले झुरळं खातेत म्हणे."

"मंग तू काय म्हटलं?"

"काई नाई. हासली."

सात वर्षांची पोर, आणि तिला ते हसणं यायला लागलं होतं. समोरच्याला राग येऊ नये म्हणून आपणच आधी हसून घ्यायचं, ते. ती ते कुठून शिकली हे मला विचारायची गरज नव्हती. ऑटोवाला "मॅडम, भाऊ नेपाळचे का?" म्हणतो तेव्हा मी तशीच हसते. करोनाच्या वर्षी दूधवाल्यानं फक्त आमची पिशवी खाली फाटकाला अडकवून जायला सुरुवात केली, तेव्हाही मी हसूनच म्हटलं होतं, "दादा, वर आणून द्या न." त्यानं आणून दिली नाही.

पेमाचा बाबा दोर्जी अरुणाचलातल्या दिरांगचा. वर्ध्याला एक्स-रेचा डिप्लोमा करायला आला आणि इथल्याच एका दवाखान्यात नोकरीला लागला. माझ्या बाबांचं मनगट मोडलं तेव्हा त्यांना रोहण्याहून, माझ्या माहेराहून, मीच घेऊन आले होते. "बाबाजी, हात असा ठेवा. हलू नोका बरं, नाई त फोटोत दोन हात दिसतीन," असं तो म्हणाला आणि एवढ्या दुखण्यात बाबा हसले. पुढं आमचं लग्न ठरलं तेव्हा मात्र ते दोन वर्षं हसले नाहीत. ती वेगळी गोष्ट.

दोर्जीचा पेशंटांशी एक खेळ आहे. माणूस मशीनसमोर उभा राहिला, की हटकून विचारतो, "डॉक्टर, तुमी नेपाळचे का?"

"नाई. अजून सांगा."

"चीनचे?"

"नाई. अजून सांगा."

"मंग जपानचे असान."

"हरले का?"

"हरलो बा."

"बोरगाव मेघे. पाण्याच्या टाकीमांगं. धरा आता श्वास."

हा आमच्या घरचा पत्ता. मग पेशंटला हसू येतं, श्वास काही धरता येत नाही, आणि हसू ओसरेपर्यंत दोर्जी बटणावर बोट ठेवून थांबतो. घरी येऊन तो हे सांगतो तेव्हा पेमा खिदळते. मला हा खेळ आवडत नाही. एकदा मी चिडून म्हटलंही होतं, "दरवेळी आपणच काऊन कोडं व्हायचं? एखाद्याले सुनवत जा न."

"मयुरी, दिवसाले तीस पेशंट येतेत," तो भाजी निवडता निवडता म्हणाला. "तीस भांडणं करू का? मंग फोटो कोण काढन?"

भुलाबाईचंही त्याच्या फार मनात होतं. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या गल्लीत मुली रोज संध्याकाळी एकेका घरी जाऊन गाणी म्हणतात. गाणी संपली की त्या घरची मुलगी झाकणबंद डबा आणते, एकेकीच्या कानाशी हलवते आणि आतली खिरापत ओळखायला लावते. ज्या घरची खिरापत कुणालाच ओळखता येत नाही, त्या घराचा मान मोठा. हे कळल्यावर दोर्जीनं मांडीवर थाप मारली होती. "हे त सोपं हाय. मी खाप्से करतो. अख्ख्या वर्धा जिल्ह्यात कोणी ओळखनार नाई."

रविवारी दोघांनी मिळून केलेही. मैदा, साखर, तूप. पट्टी लाटायची, मधोमध चीर द्यायची आणि एक टोक त्या चिरेतून ओढून पीळ घालायचा. त्यांच्याकडे नव्या वर्षाला करतात. पेमाच्या नाकाला मैदा लागलेला. तळून झाल्यावर तिनं स्टीलचा डबा भरला आणि दोर्जीनं तो कपाटावर ठेवला.

आणि आता बुधवारी सकाळी ती म्हणत होती, भुलाबाई नको.

त्या दिवशी मी दिवसभर मनात तेच घोळवत होते. तिचा नंबर चुकवला, तर ती कायमची मागं सरणार. आणि मुली आल्या, डब्यातून कुणी कधी न पाहिलेलं काहीतरी निघालं, वर दारात दोर्जी उभा, म्हणजे सुरभीच्या बोलण्याला पुरावाच. गुरुवारी पहाटे उठून मी शंकरपाळे केले. नेहमीचेच, पहिल्या झटक्यात ओळखू येतील असे. मला मान नको होता. सगळं सरळ पार पडायला हवं होतं. तसल्याच दुसऱ्या डब्यात ते भरून मी देव्हाऱ्याजवळ ठेवले.

दोर्जी पायरीवर बसून बूट घालत होता. पेमा आत दप्तर भरत होती.

"आज जरा उशिरा येशील का?" मी म्हटलं. "पोरी गेल्यावर. साडेसातनंतर."

त्यानं मान वर केली नाही. एका बुटाची नाडी बांधून झाली होती, ती त्यानं सोडली आणि पुन्हा बांधली.

"पेमासाठी म्हणते मी. पोट्ट्या काहीबाही बोलतेत."

"समजलं मले," तो म्हणाला. "वॉर्डात एक-दोन एक्स-रे असतेच संध्याकाळी. थांबतो."

"आणि तो डबा..."

"राहू दे वर. आपण खाऊ."

एवढंच. आवाज नेहमीचा. स्कूटर टाकीला वळसा घालून दिसेनाशी झाली तरी मी कठड्याशी उभी होते. सासूबाई दिरांगहून फोनवर विचारतात, "मेरा बेटा उधर ठीक है ना?" आणि मी सांगते, "हां माँ, सब बहुत मानते हैं."

संध्याकाळी पेमानं काजळ घालू दिलं नाही. काजळ मी जाड घालते, बाहेरच्या टोकाला थोडं ओढून, म्हणजे डोळे मोठे दिसतात. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. "नको, चुरचुरते," म्हणत तिनं तोंड फिरवलं.

दिवेलागणीला मुली आल्या. चौदा. माझ्या माहेरून आणलेली भुलाबाई-भुलोजीची मातीची जोडी पाटावर, भोवती ज्वारीच्या धांड्यांचं मखर. खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरमालकीण वच्छलाबाई दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून आल्या. सुरभीची आई सरिताताईही आल्या. टिपऱ्यांच्या आवाजानं खोली दणाणली. पेमा मधोमध होती, गात होती. मी दाराकडे बघत होते, आणि दारात कुणी नाही याचं बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर तसंच वाटत होतं.

गाणी संपली. "खिरापत! खिरापत!"

पेमा आतून डबा घेऊन आली आणि पहिल्या मुलीच्या कानाशी तिनं तो हलवला. मी चमकले. शंकरपाळे खुळखुळतात. हा आवाज जड होता, खडखड असा. मी अर्धवट उठले. आतल्या खोलीत कपाटाला टेकून लावलेली खुर्ची तेवढ्यात दिसली. पेमानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसले.

"मोमो!" सुरभी ओरडली.

"मोमो खडखड वाजतेत का, पागल?" गुंजन म्हणाली.

"चाऊमिन!"

"झुरळं!" मागून कुणीतरी म्हणालं आणि एकच हशा उठला.

"ए पोरीहो!" सरिताताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "लेकरं आहेत वो मयुरीताई. मनावर नोका घेऊ."

मी हसले. तेच हसू. ओठांवर आलेलं मला कळलं, पण परतवता आलं नाही.

पेमा मात्र हसली नाही. रडलीही नाही. डबा पोटाशी धरून म्हणाली, "नाई. अजून सांगा."

हुबेहूब त्याचा सूर.

"गोड का तिखट?" एकीनं विचारलं.

"गोड."

"तेलात तयेल का तव्यावर भाजेल?"

"तयेल."

"शंकरपाळे!"

"नाई. अजून सांगा."

"अनारसे! करंजी! गुळपापडी!" मुली गुडघ्यांवर सरकत पुढं आल्या. मोमो आता कुणाच्या डोक्यात नव्हतं. डब्यातलं ओळखायचं होतं, बस. सुरभीनं तर दोनदा कान लावला. "हलव बरं अजून एकदा," ती म्हणाली.

"हरले का?"

"हरलो!" चौदाही जणी.

पेमानं झाकण काढलं. पिळाचे, सोनेरी खाप्से. वच्छलाबाईंनी एक उचलला आणि दिव्याकडे धरून पाहिला.

"अवो माय! शंकरपाळ्यानं त वेणी घातली!"

खोलीभर हसू फुटलं. पण ह्या हसण्यात पेमाही होती.

सुरभी कुडूम करून खायला लागली आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "कोनं केलं?"

"माह्या बाबानं."

"माणूस खिरापत करते?"

"माह्या बाबा करते."

"मंग बाबा कुठी हायेत?" गुंजननं विचारलं. "न ओळखलेली खिरापत करनाऱ्यानंच वाटा लागते."

आमच्या गल्लीचा नियमच तो. मुली थांबल्या. सुरभीनं हातातला अर्धा खाप्सा डब्याच्या झाकणात ठेवला.

"बाबाले आईनं उशिरा यायले सांगतलं," पेमा म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. जे होतं ते सांगितलं, इतकंच. सरिताताई बांगड्या फिरवू लागल्या. वच्छलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन वं मयुरी?"

"आणते बोलावून," म्हणून मी मोबाईल घेऊन जिना उतरले.

फोन करायची गरज पडली नाही. टाकीमागं कडुनिंबाखाली तो स्कूटरवर बसला होता. डोक्यात हेल्मेट, काच खाली ओढलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला चेहरा दिसू नये अशी.

"कधी आलास?"

"आत्ताच."

मी सायलेन्सरजवळ हात नेला. गार होता.

"सुटी सहालेच होते," काच वर करत तो म्हणाला. "वॉर्डात आज काही नव्हतं." मग विचारलं, "शंकरपाळे ओळखले असतीन पोरींनी?"

"शंकरपाळे नव्हते."

वरून मुलींचा गलका येत होता.

"तिनं कपाटावरचा डबा काढला. सगळ्या हरल्या. आता वाटायला तू पाहिजे. नियम आहे."

"मी?"

"दोर्जी, सकाळी मी..."

"हे धर," तो म्हणाला आणि हेल्मेट माझ्या हातात दिलं. मग स्कूटरच्या आरशात वाकून त्यानं बोटांनी केस नीट केले. खूप वेळ. पहिल्यांदा बाबांना भेटायला रोहण्याला आला होता, तेव्हा आमच्या किराणा दुकानासमोर त्यानं असेच केले होते.

जिना चढून आम्ही वर आलो. दाराबाहेर अठ्ठावीस लहान चपला आणि दोन बायकांच्या मोठ्या अशा पसरल्या होत्या की पाय ठेवायला जागा नव्हती. आतून पेमा ओरडली, "बाबा आले!" दोर्जीनं बूट काढले आणि चपलांच्या अगदी कडेला, शेवटच्या पायरीवर, भिंतीला चिकटवून ठेवले.

तो आत गेला. मी खाली वाकले, त्याचे बूट उचलले आणि चपला दोन्ही हातांनी सारून ते दारासमोर मधोमध ठेवले. एका बुटाची नाडी तशीच होती, सकाळी दोनदा बांधलेली.