रिकामी निघणारी टोपली

मी वेताची टोपली बोलतेय. स्वयंपाकघरातल्या कपाटावर असते ना, दोन झाकणांची, तीच. धरून ठेवणं हे माझं काम, आणि अंगभर तर नुसती भोकं! त्यामुळे स्वतःविषयी मला पहिल्यापासूनच थोडी शंका आहे.

ज्याने मला विणलं तो भिजवलेला वेत मांडीवर घेऊन दिवसभर ओट्यावर बसायचा. शेवटी त्याने वेत वाकवून माझं हँडल बसवलं आणि तान्ह्या नातवाला माझ्यात ठेवून मला हातभर उचलून पाहिलं. "हा पेलला ना, मग काहीही पेलशील," तो म्हणाला. नातू हसला. मी मात्र जाम घाबरले होते.

मला विकत घेतलं ते एका नव्या नवरीने. तिच्या नवऱ्याने मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"एवढी मोठी? आपण दोघंच तर आहोत."

"कायम दोघंच राहणार आहोत का?"

नाही राहिले. त्यांना मुलगी झाली. गोड दिसलं की तिथे हजर, म्हणून बाबांनी तिचं नाव ठेवलं मुंगी.

सफरचंदं उतरायला लागली की वर्षातून एकदा आमची सहल निघायची. बसने पुलापर्यंत जायचं, पुढे पायी. आधी पाव भाजणारा भट्टीवाला, मग रसवाला, मग मधवाला, आणि शेवटी चढावरची डेअरी. घाई अजिबात करायची नाही. रसवाल्याकडे सफरचंदं पिळून होईपर्यंत झाडाखाली पाय पसरून बसायचं, मधवाल्याकडे त्याच्या माश्यांच्या तक्रारी ऐकायच्या.

आईचे नियम दोनच होते. घरून काही न्यायचं नाही, टोपली रिकामी निघणार आणि भरून येणार. दुसरा म्हणजे, जिथे जाऊ तिथे घरातल्या सगळ्यात लहान माणसाने आधी चाखायचं. त्याने तोंड वाकडं केलं तर ती वस्तू घ्यायची नाही, मग मोठी माणसं काही का म्हणेनात.

मुंगी हात पाठीमागे बांधून, डोळे मिटून चाखायची. तेवढा वेळ सगळे गप्प. एकदा तिने मधाला नाक मुरडलं.

मधवाला कळवळला. "अगं, मागच्या वर्षी बोटं चाटत होतीस की!"

"तेव्हा मी लहान होते," मुंगी म्हणाली.

परतताना मी इतकी जड व्हायचे की आई एका बाजूने आणि बाबा दुसऱ्या बाजूने मला धरायचे. मधे मुंगी लोंबकळायची. ताज्या पावाचा वास माझ्या विणीत मुरून बसायचा. नंतर वर्षभर माझ्यात रद्दी, लोकर, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, काय वाट्टेल ते पडलेलं असायचं. पण हवा दमट झाली की तो वास वर यायचा, आणि कपाटाजवळून जाणारं कुणीतरी क्षणभर थांबायचं.

मुंगी मोठी झाली, सासरी गेली. बाबा गेले, आणि सहल थांबली. कुणी तसं ठरवलं नव्हतं. फक्त मला खाली काढलं नाही.

मग मुंगीला मुलगा झाला. सगळे त्याला पिल्लू म्हणतात. वर्षाचा असताना त्याला बाहेरचं काहीतरी बाधलं आणि इवल्याशा हाताला सलाईन लागलं. तेव्हापासून मुंगी सगळं उकळते. पाणी, दूध, वाटी, चमचा. जे उकळता येत नाही त्याच्याकडे संशयाने बघते. मलाही तिने एकदा तसंच पाहिलं होतं.

त्या वर्षी आई म्हणाली, "यंदा जाऊया गं. पुढच्या वर्षी माझे गुडघे काय म्हणतील, सांगता येत नाही." पिल्लाने चाखलेलं तिला एकदा बघायचं होतं. बोलली नाही तसं, पण मला पुसताना तिचा हात सांगत होता.

मुंगीने मला भरलं. मऊ भाताचा डबा, उकडलेल्या बटाट्याचा डबा, बाटल्या, औषधं, जास्तीचा डबा, त्याहून जास्तीचा डबा.

"आणलेलं ठेवायचं कुठे मग?" आईने विचारलं.

"पिशव्या घेऊ ना हातात."

भट्टीवाल्याकडे पिल्लाने पावाकडे हात केला. मुंगीने तो हळूच खाली घेतला. "त्याला नको. मी चाखते."

"तूच अजून?" भट्टीवाला म्हणाला. "मला वाटलं, एव्हाना बढती मिळाली असेल."

मुंगी हसली. आई हसली नाही. "जागा नाहीये," एवढंच म्हणून तिने पाव ठेवून दिला. शेवटी भट्टीवाल्यानेच एक छोटा पाव तिच्या हातात कोंबला. रसवाल्याकडे, मधवाल्याकडे तेच. जागा नाहीये.

डेअरीचा चढ चढताना माझं हँडल तुटलं. डबे गडगडत खाली गेले, झाकणं उघडली, आणि भातावर डेअरीच्या कोंबड्यांनी ताव मारला. पिल्लू भुकेने किंचाळायला लागलं.

डेअरीवाली धावत आली आणि तिने सगळ्यांना अंगणात बसवलं. वाटीत लोणी आणलं, कपात दूध.

"दूध उकळलंय? कधी? कशात?" मुंगीने विचारलं.

"सकाळी उकळलंय. हवं तर परत उकळते. थोरल्याच्या वेळी मी पाणीसुद्धा दोनदा उकळायचे."

"मग?"

"मग धाकटा झाला. वेळ कुणाला होता?"

आईने पाव मोडून त्याला लोणी लावलं आणि तुकडा मुंगीच्या हातात दिला. काहीच बोलली नाही. बोलली असती तर मुंगीने हात मागे घेतला असता, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मुंगीचा हात मधेच थांबला. शेवटी पिल्लूच पुढे झुकलं आणि त्याने तुकडा तोंडात ओढला.

सगळे गप्प. पिल्लाने तोंड वाकडं केलं. आईचा चेहरा उतरला. मुंगीने रुमाल काढला.

आणि पिल्लाने पुन्हा आ केला.

"घ्या, लोणी घ्या!" आई ओरडली. "पास झालं!"

मुंगी हसता हसता रडायला लागली. त्या संध्याकाळी मी भरून परतले. हँडल नव्हतं, म्हणून मुंगीने मला खालून हात लावून, छातीशी धरून आणलं.

आता माझं हँडल दोरीचं आहे. फार शोभत नाही, पण पेलतं. आईच्या गुडघ्यांनी यंदा खरंच नाही म्हटलंय. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलीय आणि मुंगीकडे बघतेय. मुंगी माझ्यासमोर केव्हाची उभी आहे. शेवटी तिने झाकणं लावली. आत उकळलेल्या पाण्याची एक बाटली आहे.

आईने झाकण उचलून पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच."

"मग इतका वेळ काय करत होतीस?"

"काढत होते," मुंगी म्हणाली.

आईने बाटली नीट कडेला सरकवली, म्हणजे लोण्याला जागा होईल. दारात पिल्लू बूट हातात घेऊन उभं आहे. माझं एवढंच मागणं आहे, कुणाच्याही घरी माझ्यासारखी एखादी असेल तर तिच्यातली रद्दी आज काढा.

चला, हलकी आहे तोवर निघते.