दुसरी किल्ली

"किल्ली दे, अक्का! गिऱ्हाईक समोर बसलंय, त्याचा ड्राफ्ट माझ्या हातात आहे. अजून काय पाहिजे तुला?"

आमचे हे केबिनच्या दारात उभे राहून ओरडत होते आणि मी त्यांच्यामागे, छत्री उघडू की मिटू अशा अवस्थेत. अक्का, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद, बिनलग्नाची, आमच्याच घरात राहणारी. तिने मान वर केली नाही. बाहेर एक ट्रक वजनकाट्यावर चढत होता.

"आधी त्याचं वजन होऊ दे," ती म्हणाली, "मग तुझं बघते."

ट्रकचा ड्रायव्हर खदाखदा हसला. हे आणखीच लाल झाले.

आमचा गाव देशाच्या सीमेवरचा. नाक्याच्या आडव्या दांड्यापासून शंभर पावलांवर वजनकाटा, आणि काट्याशेजारी अक्काची केबिन. आत एक टेबल, एक बाक, कार्बनच्या पावत्यांचं पुस्तक आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्या डब्यात बिस्किटं मी कधी पाहिली नाहीत. त्यात गाड्यांच्या किल्ल्या असत.

ही भानगड सुरू झाली ती एका ड्रायव्हरमुळे. त्याने आपली जीप पलीकडच्या माणसाला विकली, बँकेचा ड्राफ्ट घेतला, किल्ली देऊन टाकली. आठवड्याने बँकेने सांगितलं, ड्राफ्ट खोटा. तो बाप्या अक्काच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. तेव्हापासून गाडी अलीकडची असो की पलीकडची, सौदा अक्काच्या मध्यस्थीने व्हायचा. गाडी काट्याशेजारी उभी राहायची, किल्ल्या डब्यात जायच्या. आमच्या बँकेने पलीकडच्या बँकेला फोन करून खात्री करायची. पैसे खात्यात जमा झाले असं मॅनेजरने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, की मग किल्ल्या. अक्का ह्याचा छदामही घेत नसे. फक्त गाडीचं वजन करून त्याचे पैसे मात्र घ्यायची. पावतीचं पुस्तक वजनाचं होतं ना! त्यामुळे आमच्या भागातल्या प्रत्येक जुन्या गाडीचा सौदा वजनासकट नोंदलेला आहे.

पण सख्ख्या भावालाही हाच नियम लागेल, असं आम्हाला वाटलं नव्हतं.

ह्यांची पाठ गेली होती. पाव टन माल चढवायचा-उतरवायचा धंदा डॉक्टरांनी बंद करायला सांगितला. व्हॅन विकायची आणि चौकातलं वह्या-पुस्तकांचं दुकान चालवायला घ्यायचं, असं ठरलं. दुकानमालकाने शुक्रवार संध्याकाळपर्यंत मुदत दिली होती. आगाऊ रक्कम आली नाही तर दुकान चपलावाल्याला. आणि हा प्रसंग मंगळवारचा.

गिऱ्हाईक म्हणजे पलीकडचा एक पाववाला. पंचेचाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, मनगटांपर्यंत पीठ मुरल्यासारखा पांढरट. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, घरी एक लेक. भांडण चाललं होतं त्याच्या ड्राफ्टवरून, आणि तो मात्र बाकावर बसून ऐकत होता.

"अगं, ड्राफ्टवर बँकेचा फोन नंबर छापलाय," हे म्हणाले. "लाव आत्ता. दोन मिनिटांचं काम."

"ड्राफ्ट खोटा असेल तर त्यावरचा नंबर खरा कसा असेल रे?" अक्काने वही काढली. "नंबर माझ्या वहीतला लागेल. तोही बँकेतून, मॅनेजरच्या फोनवरून."

"ह्या माणसाच्या तोंडावर त्याला लबाड म्हणतेस?"

"बाई बरोबर बोलतात," पाववाला एकदम म्हणाला. "मी लबाड नाही, हे मला ठाऊक. त्यांना कसं ठाऊक असणार?"

अक्काने तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"आणि बाई," तो पुढे म्हणाला, "ह्या व्हॅनवर कुणाचं कर्ज नाही, ह्याचा कागद मला दाखवलेला नाही. उद्या माझ्या दारात वसुलीवाला उभा राहिला तर?"

"बरोबर," अक्का म्हणाली आणि भावाकडे वळली. "कागद कुठाय?"

कागद कुठे होता कुणास ठाऊक. त्या संध्याकाळी आम्ही घर उलटंपालटं केलं. शेवटी तो माझ्या शिवणयंत्राच्या खणात सापडला. मीच त्यात बटणं गुंडाळून ठेवली होती. हे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "सुरक्षित होता की नाही?"

बुधवारी आमचा मॅनेजर फोन लावून दमला. मग कळलं, पलीकडच्या बँकेला सुट्टी. गुरुवारी त्यांची बँक उघडी तर आमच्या बँकेला सुट्टी. हे डोकं धरून बसले. "दोन देशांनी मिळून माझं दुकान बुडवायचं ठरवलंय!"

पाववाला परत जाईना. ड्राफ्ट इथे, गाडी इथे, मी तिकडे जाऊन काय करू, म्हणाला. भट्टी चार दिवस लेक सांभाळेल. मग आमच्या बाहेरच्या खोलीत त्याची वळकटी पडली. माणूस मोठा हौशी. पहिल्याच सकाळी त्याने माझ्याकडून पीठ मागून घेतलं आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात चुलीवर असा पाव भाजला, की अंथरुणाला खिळलेल्या माझ्या सासूबाई उठून बसल्या. "ह्याला व्हॅन देऊ नका," त्या म्हणाल्या, "ह्यालाच ठेवून घ्या."

सगळे हसले. अक्का नाही हसली. ती किल्ल्यांचा डबा उचलून कामाला निघून गेली.

दिवसभर तो काट्यावर जाऊन बसायचा. गुरुवारी दुपारी मी जेवणाचा डबा घेऊन गेले, तर आत वेगळाच खेळ चाललेला.

"हा किती?" अक्काने विचारलं. बाहेर लाकडांनी भरलेला ट्रक.

पाववाल्याने डोळे बारीक केले. "नऊ टन. वर चाळीस किलो."

अक्काने काटा पाहिला. "नऊ टन साठ."

"वीस किलो ड्रायव्हरच्या पोटाचे. ते मी धरले नव्हते."

अक्का हसली, मोठ्याने, मान मागे टाकून. माझ्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती आणि सात वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता. मी डबा दारातच ठेवला आणि परत आले.

शुक्रवारी साडेतीनला फोन लागला. ड्राफ्ट खरा होता, नाव बरोबर, रक्कम बरोबर. पण अक्का तेवढ्यावर उठली नाही. पैसे खात्यात दिसेपर्यंत ती मॅनेजरच्या टेबलासमोर बसून राहिली. मॅनेजर म्हणाला, "बाई, आता तरी माझ्यावर विश्वास ठेवा." ती म्हणाली, "विश्वास आहेच हो. आकडा दाखवा." सव्वाचारला आकडा दिसला. पाठीचं दुखणं विसरून हे असे पळाले, की चौकातल्या लोकांना वाटलं कुठे आग लागली. चपलावाला दुकानात येऊन मापं घेत होता. त्याला तसाच बाहेर काढला. त्या दुकानावर आमची दोन मुलं शिकली.

इकडे काट्यावर व्हॅन उभी होती. अक्काने वजन केलं, पावती लिहिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ लिहीत होती. पाववाल्याने ती शब्द न् शब्द वाचली, मान हलवली, सही केली. मग व्हॅन सुरू झाली आणि नाक्याच्या दांड्याखालून पलीकडे गेली. धूर विरेपर्यंत अक्का खिडकीत उभी होती.

मी हळूच म्हटलं, "अक्का, माणूस चांगला होता."

"चांगला आहेच," ती म्हणाली. "म्हणून तर पावती नीट केली."

घरात आईचं अंथरूण, बाहेर काटा, त्याच्याकडे भट्टी आणि वयात आलेली लेक. बोलून काय झालं असतं?

वर्षाने व्हॅन परत आली. पाववाला उतरला, हातात चार पाव. "बाई, व्हॅनची दुसरी किल्ली तुमच्याकडेच राहिली. न्यायला आलो."

आम्ही चाटच पडलो. अक्का आणि विसरली? हे तर महिनाभर तिला चिडवत होते. त्या दिवशी दोघांनी चहा घेतला, सात-आठ ट्रकांची वजनं ओळखली, आणि संध्याकाळी तो निघून गेला. किल्ली पुन्हा राहिली. पुढच्या वर्षीही तेच. "ह्या खेपेला नक्की नेतो," म्हणत यायचा, पाव ठेवायचा आणि तसाच जायचा. सासूबाई गेल्या, आमची मुलं मोठी झाली, ह्यांच्या चिडवण्यातली मजाही संपली, तरी हा आपला दर वर्षी दुसरी किल्ली न्यायला हजर. अशी एकोणीस वर्षं.

विसाव्या वर्षी व्हॅन आली तेव्हा ती त्याची लेक चालवत होती. तिने पाव आणले होते. अक्काने तिला बाकावर बसवलं, चहा दिला, व्हॅनचं वजन केलं. किल्लीचा विषय दोघींनीही काढला नाही.

अक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिचा डबा माझ्या कपाटात आहे. परवा माझी नात आली. तिने आपली गाडी पलीकडच्या कुणाला तरी विकायला काढली आहे. मला मोबाइल दाखवत म्हणाली, "आजी, हे बघ. त्याचे पैसे आधी ह्या मधल्या कंपनीकडे जमा होतात. मी गाडी दिली, त्याला पसंत पडली, की मग माझ्या खात्यात."

"कंपनीचा फोन नंबर कुठून घेतलास?"

"त्या माणसानेच लिंक पाठवली."

"मग ती पुसून टाक. बँकेत जा, त्यांना विचार, आणि कंपनी तुझी तू शोध."

ती आधी हसली, मग विचारात पडली, मग खरंच पुसली. "पावती कशी लिहू गं?" तिने विचारलं. मी म्हटलं, थांब, नमुना देते. आणि अक्काचा डबा काढला.

पावत्यांच्या कार्बनप्रती वर्षावार लावलेल्या. प्रत्येकीवर तेच अक्षर: वाहन, वजन, रक्कम खात्यात जमा, किल्ल्या दोन, दोन्ही दिल्या. नात फोटो काढत होती. मी सहज आमच्या व्हॅनची पावती शोधली. इतकी वर्षं मला ती बघायची बुद्धी झाली नव्हती.

वाहन, वजन, रक्कम खात्यात जमा. आणि खाली लिहिलं होतं, 'किल्ल्या दोन. पैकी एक दिली. दुसरी माझ्याजवळ.'

त्याखाली पाववाल्याची सही. सहीच्या वर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'वाचले. मान्य आहे.'

"आजी, काय झालं?" नातीने विचारलं.

"काही नाही. तू दोन्ही किल्ल्या दे हो," मी म्हटलं.

डब्याच्या तळाशी, फडक्यात गुंडाळलेली ती किल्ली होती. मी ती उजेडात धरली. कुठेही गंज नव्हता. नाकाशी नेली, तर माझ्या शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला.