उरलेली भिंत

"झालं बाई जेवण," म्हणत बायकोने ताट सरकवलं. उजवी बाजू चाटूनपुसून साफ, डावीकडची भाजी तशीच. रंगाऱ्याने ताट फिरवून ठेवलं. "अगं बाई, अजून आहे की," म्हणत ती पुन्हा जेवू लागली.

मेंदूतल्या गाठीने तिच्यापुरती जगाची डावी बाजू पुसून टाकली होती. ऑपरेशन झालं, पण गाठ पुरती निघाली नाही. यापुढचं औषध अजून कुणाला सापडलेलं नव्हतं.

समोरची भिंतही अर्धीच, उजवीकडचीच रंगवलेली. लोकांची घरं रंगवणाऱ्याच्या घरी दिव्याखाली अंधार. त्यावरून ती वर्षानुवर्षं त्याचा उद्धार करायची, 'अर्धेराव' हे नाव तिनेच पाडलेलं. ऑपरेशननंतर ती भिंतीवरून बोलायची थांबली. त्याला वाटलं, केलं बिचारीने माफ. मग एकदा ती कौतुकाने म्हणाली, "छान रंगवलीत हो भिंत." त्या दिवशी तो जिन्यात बसून रडला.

गाठीवरच्या संशोधनाला निधी मिळावा म्हणून मॅरेथॉन होती. त्याने नाव दिलं. "अर्धेराव निम्म्यावर चहाला बसणार," शेजारी म्हणाले, पण पैसे सढळ हाताने दिले. बायको एवढंच म्हणाली, "एक तरी काम माझ्या डोळ्यांदेखत पुरं करा."

तो पळाला, चालला, लंगडला, पण बसला नाही. शेवटच्या रस्त्यावर लेकीने आईला कठड्याशी खुर्चीत बसवलं होतं. लेक हात हलवत होती. बायको मात्र उजवीकडे, पुढे गेलेल्यांच्या पाठी न्याहाळत होती. तो डावीकडून आला, तिच्यासमोरून गेला, तिला पत्ताच नाही.

समोर शेवटची रेषा दिसत होती. तो थांबला, वळला आणि मागच्यांचे धक्के खात उलटा तिच्याकडे आला.

"आलात?" तिचा चेहरा उजळला. "मग इथे काय उभे राहिलात? जा, पुरं करा."

या खेपेला ती त्याला रेषेपर्यंत बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याचे पाय उचलत नव्हते. तरी स्टुलावर चढून त्याने उरलेली भिंत रंगवली. कोपऱ्यापर्यंत, चांगले दोन हात मारले. मग तिच्यासकट खुर्ची हळूच डावीकडे फिरवली.

ती बराच वेळ बघत बसली.

"अगं बाई, इकडेही भिंत आहे की."

"राहिली होती," तो म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला.