मास्तरांचं अस्तर

"बाबा, भुसा कुठं गेला?"

"खाली आहे की. वरून अस्तर घातलंय," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी दुकानातला तोरा होता.

मी पुठ्ठ्याच्या गोल रिंगणात वाकून बघितलं आणि डोक्याला हात लावला. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या कोंबडीच्या पिल्लांसाठी रिंगण करायचं, उबेला वर दिवा टांगायचा आणि खाली सुताराकडचा जाडसर भुसा अंथरायचा, एवढंच मी तापाने फणफणलेली असताना अंथरुणातून सांगितलं होतं. पण सासरे पडले जन्माचे शिंपी. अजूनही सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. आतून टोचणाऱ्या कापडाला अस्तर लावायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. तेव्हा भुसा टोचेल म्हणून त्यांनी त्यावर कोटाचं चकचकीत अस्तर ताणून बसवलं होतं. एक सुरकुती दिसेल तर शपथ.

पिल्लं त्यावरून दाण्याकडे निघत होती आणि घसरत होती. बरीचशी सावरत होती. काही मात्र दोन्ही पाय दोन बाजूंना फाकून पोटावर पडली होती.

"ही झोपाळू निघाली," सासरे म्हणाले.

"झोपलेली नाहीत, बाबा. गुळगुळीत जागेवर पायांना पकड मिळत नाही, मग असे फाकतात. आत्ताच बांधले नाहीत तर कायमचे तसेच राहतील."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "मला यातलं काही कळत नाही गं. तूच बघ," म्हणत ते खिडकीतल्या खुर्चीकडे निघाले.

त्या खुर्चीचीच मला धास्ती होती. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी दुकान बंद केलं आणि तेव्हापासून तिथे ठाण मांडलं. रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या शर्टांना नावं ठेवायची, हा एवढाच उद्योग. पिल्लांच्या निमित्ताने ते उठले होते. आता पुन्हा बसले तर उठायचे नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं आणि वाईट वाटत होतं.

मी अस्तर काढून टाकलं. एका पिल्लाच्या पायांना जखमेवर लावायची चिकटपट्टी लावली. पिल्लू धडपडलं आणि चोचीवर आपटलं.

"अगं, एवढं आखडून बांधलंस तर ते चालणार कसं?" खुर्चीतून आवाज आला. "चालण्यापुरती सूट नको ठेवायला?"

"मग तुम्ही ठेवा सूट. मला नाही जमत."

खुर्ची करकरली. सासरे आले, गळ्यात मोजपट्टी अडकवूनच. त्यांनी एक धडधाकट पिल्लू उचललं, भुशावर उभं केलं आणि त्याच्या दोन पायांमधलं अंतर मोजलं. मोजपट्टीवर त्याने शिटून घेतलं. "गिऱ्हाईक चांगलं आहे," सासरे म्हणाले.

स्वतःच्या जुन्या बनियनची मऊ पट्टी त्यांनी कापली. दोन टोकांना सैल फास आणि मध्ये सूट. सुईत दोरा मात्र काही केल्या जाईना. हात दोऱ्याला भोकाजवळ नेऊन पुन्हा मागे आणत होता. मी पुढे होणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आलेल्या सासूबाईंनी सुई घेतली, ओवली आणि परत दिली.

"आपल्या पोराचा लंगोट कधी बदलला नाहीत. आता कोंबड्यांना चड्ड्या शिवा," त्या म्हणाल्या.

"पोरानं कधी माप घेऊ दिलं का?" म्हणत सासरे कामाला लागले.

बांधलेली पिल्लं अडखळत का होईना, उभी राहिली. माझा जीव भांड्यात पडला. शेवटचं पिल्लू मात्र पट्टी बांधूनही अगदीच मलूल होतं. त्याच्या बुडाला घाण चिकटून वाळली होती. कोमट पाण्यात कापूस बुडवून ती कशी सोडवायची, हे मी दाखवलं. सासऱ्यांनी ते पिल्लू तळहातावर घेतलं. हात थरथरतच होता. पिल्लू डोलत डोलत झोपी गेलं आणि सासरे ते उठू नये म्हणून पाय अवघडेपर्यंत तसेच बसून राहिले.

पुढचे दिवस आमच्या घरात ट्रायल चालू होत्या. सासरे एकेकाची पट्टी सैल करायचे, चालवून बघायचे, मान हलवायचे आणि पुन्हा बांधायचे. "अजून झोल आहे," म्हणायचे. भुसा ओला झाला की तो भाग ते स्वतःच उपसून कोरडा घालत. खिडकीतली खुर्ची त्यांनीच उचलून पिल्लांच्या खोलीत नेली. मला काही सांगायला लागलं नाही.

मग एका सकाळी मी उठले, तर पाय बांधलेलं एकही पिल्लू दिसेना. पट्ट्या सोडलेली सगळी दाण्यावर तुटून पडली होती. सासरे मात्र परसात झाडाखालची माती पायाने दाबत उभे होते.

"ते मलूल होतं ना, ते गेलं पहाटे," ते म्हणाले. "उभं राहिलं होतं काल. तू बघितलं होतंस ना?"

"बघितलं होतं, बाबा."

"पुढची पिल्लं आणशील तेव्हा आधी सांग. भुसा मी आणतो. हाताला कसा लागतो, ते बघून आणतो."

दोरीवर त्यांच्या सदऱ्याशेजारी बनियनच्या पट्ट्या धुऊन वाळत घातल्या होत्या. मी त्या मोजल्या. एक कमी होती.