हलकं म्हणजे काय

१९८६ सालची गोष्ट. टेलरमास्तरांना शौचावाटे रक्त जात होतं. दुर्बिणीच्या तपासणीची तारीख महत्प्रयासाने मिळाली होती. "आधीचे तीन दिवस हलकं खा," नर्स घाईघाईत म्हणाली. मास्तरांचा स्वयंपाक त्यांची थोरली बहीण बघायची. तिच्या लेखी हलकं म्हणजे पालेभाजी आणि पेरू.

"ताई, मी काय बकरी आहे, नुसता पाला चारतेस ते?"

"गप गिळ. भाताने पोट जड होतं."

जुलाबाचं औषध घेऊनही व्हायचं तेच झालं. डॉक्टर वैतागले. "आत सगळा पाला आणि बिया! काही दिसत नाही. पांढरा भात खायचा होता." पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची मिळाली.

घरी येताना ताई स्वतःलाच बोल लावत होती. "अगं, भातच खायचा असतो हे मला तरी कुठे ठाऊक होतं?" मास्तर म्हणाले.

तीन महिन्यांनी आतडं स्वच्छ दिसलं आणि गाठही दिसली. ती पसरली होती. मास्तर पुढच्याच वर्षी गेले. दुकान एका चपलावाल्याने घेतलं. नर्सची बदली झाली, तिला यातलं काही कळलंही नाही. ताई ऐंशी वर्षं जगली. गाठ आधीच दिसली असती तर भाऊ वाचला असता का, हे तिने कुठल्याच डॉक्टरला कधी विचारलं नाही.