सगळ्या कामांचा एकच चाकू

माणसाला माणूसपण आलं ते हत्यारामुळे; ज्याच्या खिशात धार नाही तो अजून झाडावरून पुरता खाली उतरलेला नाही. हे जावईबापूंचं ठाम मत होतं. ते त्यांनी चाकूच्या दुकानात ऐकलं होतं, आणि ऐकवणाऱ्याला चाकू विकायचा होता.

जावईबापू विमा कंपनीत दावे तपासत. समोरचा माणूस नेमका कुठल्या वाक्यात खोटं बोलतोय हे हुडकण्याचा त्यांना पगार मिळे. मूळ नाव वेगळं, पण सासरे त्यांना कौतुकानं जावईबापू म्हणायचे आणि ते नाव असं चिकटलं की शेजारीसुद्धा तेच वापरू लागले. तर या जावईबापूंनी एका हिवाळ्यात ठरवलं की रोजच्या सगळ्या कामांना पुरून उरेल असा एकच घडीचा चाकू घ्यायचा.

"रोजची कामं म्हणजे कुठली?" बायकोनं विचारलं.

"कुठलीही. वेळ काय सांगून येते?"

"तुमचं रोजचं काम म्हणजे रिमोट शोधणं. त्याला चाकू लागतो?"

जावईबापू दुकानांची यादी करायला बसले. मोठ्या कामाला हात घालणाऱ्यांना घरून असंच सहन करावं लागतं.

शोध सुरू झाला. पातं चार बोटांहून लांब नको, पण नखाएवढंही नको. एका हातानं उघडलं पाहिजे, कारण दुसऱ्या हातात काय असेल सांगता येत नाही. उघडल्यावर खटका बसून घट्ट राहिलं पाहिजे, नाहीतर ते आपल्याच बोटांवर मिटतं. पोलाद गंजणारं नको. पण इतकं कडकही नको की धार लावायला कारखाना गाठावा लागेल. दातेरी पातं दोरी झकास कापतं, मात्र सफरचंदाचा भुगा करतं. कात्री हवी. स्क्रूड्रायव्हर हवा. बूच काढायचा पिळदार स्क्रू नको, कारण घरात बुचाची बाटली कधी आली नव्हती. एका चाकूत इतकी अवजारं होती की तो खिशात ठेवला की पँट एका बाजूनं खाली यायची. दुसऱ्यात नुसतं पातं होतं. तेव्हा जावईबापू म्हणाले, "हा तर चाकूच झाला," आणि त्यांनी तो परत ठेवला. पुढेपुढे ते दारात दिसले की दुकानदार मागच्या खोलीत माल मोजायला जाऊ लागला.

हे सगळं ऐकून घेणारा जगात एकच माणूस होता. सासरे. सासूबाई वारल्यापासून ते त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात एकटेच राहत. स्वतःचा चहा स्वतः करत, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत, आणि दर रविवारी जावयाकडून चाकूपुराण ऐकत. ऐकताना डोळे मिटून मान हलवायचे. बायकोचं म्हणणं असं की बाबा अशा वेळी कानाचं यंत्र बंद ठेवतात.

शेवटी चाकू आला. मोठं पातं, लहान पातं, कात्री, दोन स्क्रूड्रायव्हर, डबा उघडायचा आकडा, छिद्र पाडायची सुई आणि चिमटा. जावईबापूंनी तो सासऱ्यांच्या हातात दिला. सासऱ्यांनी उघडला, मिटला आणि म्हणाले, "छान. आता काहीतरी कापायला शोधा."

ते काही मिळेना. उन्हाळ्यात सासऱ्यांना घेऊन मेहुण्याकडे, म्हणजे त्यांच्या मुलाकडे, जायचं ठरलं. तो लांबच्या शहरात, विमानाच्या अंतरावर राहत होता. आदल्या संध्याकाळी जावईबापूंनी सगळ्यांना बसवून विमानात काय चालतं आणि काय चालत नाही यावर भाषण दिलं. बायकोच्या पर्समधली भुवयांची कात्री काढून घेतली. सासऱ्यांचं नेलकटर काढून घेतलं. "बाबा, एका माणसाच्या विसरभोळेपणानं सगळ्यांचा खोळंबा होतो," असंही म्हणाले.

सकाळी टॅक्सीत बायकोच्या नव्या पर्सवरचं लेबल तिला टोचत होतं. जावईबापूंचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातून चाकू काढला, कात्री उलगडली आणि लेबल कापलं. चाकूनं केलेलं हे पहिलं काम. त्या आनंदात तो परत खिशात गेला, आणि मोठ्या बॅगा पट्ट्यावरून आत निघून गेल्या तरी खिशातच राहिला.

तपासणीच्या रांगेत त्यांचा हात खिशाला लागला. चाकू तिथेच होता. पुढे एक डबा ठेवला होता, नको त्या वस्तू टाकायला. त्यात लायटर पडलेले, ब्लेडं पडलेली. चाकू तिथे टाकून मोकळं व्हायचं, इतकं सोपं होतं. पण अख्ख्या हिवाळ्याचा अभ्यास असा लायटरांच्या ढिगात टाकायचा? आणि तोही बायकोच्या देखत, कालच्या भाषणानंतर? सासऱ्यांची कापडी पिशवी जावईबापूंच्याच खांद्यावर होती; वडीलधाऱ्यांना ओझं नको म्हणून त्यांनीच मागून घेतली होती. म्हाताऱ्या माणसाच्या पिशवीत कोण कशाला बघतंय, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो विचार पुरता व्हायच्या आत चाकू मफलर आणि औषधांच्या डबीच्या मध्ये जाऊन बसला.

यंत्राला मालकाचं वय कळत नाही. पट्टा थांबला.

"ही पिशवी कोणाची?" तपासणीवाल्या बाईंनी विचारलं.

"माझी," सासरे म्हणाले.

बाईंनी मफलर बाजूला केला आणि चाकू वर धरला. मागची रांग टाचा उंचावून बघू लागली. सासऱ्यांनी चाकूकडे पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. जावईबापू छताच्या पंख्याकडे पाहत होते. तोंड उघडायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. त्यातून जे बाहेर आलं तो खोकला होता.

"हा माझ्याकडेच होता," सासरे म्हणाले. "जावयांनी बघायला दिला होता. परत द्यायचा राहिला."

"आजोबा, नक्की ना? दुसऱ्या कुणी तर नाही ठेवला? काय काय आहे यात, सांगा बघू."

सासऱ्यांनी डोळे मिटले. "मोठं पातं, खटक्याचं. न गंजणारं, पण घरी धार लागते. लहान पातं. कात्री. स्क्रूड्रायव्हर दोन, एक चपटा, एक फुलीचा. डबा उघडायचा आकडा. सुई. चिमटा. बूच काढायचा स्क्रू नाही. त्याची गरज पडत नाही."

बाई हसल्या. नाव लिहून घेतलं, एका कागदावर सही घेतली, चाकू डब्यात टाकला. रांगेतल्या एका तरुणानं "आजोबा, कुणाचा गेम करणार होता?" असं विचारलं आणि लोक खिदळले. सासरे मफलरची घडी घालत राहिले.

"बाबा, काल एवढं सांगितलं होतं ह्यांनी!" बायको म्हणाली.

"विसरलो गं."

विमानात जावईबापूंना खिडकीची जागा मिळाली होती. त्यांनी ती सासऱ्यांना देऊ केली. सासरे म्हणाले, "नको, तुम्ही बसा. तुम्हाला बाहेर बघायला आवडतं."

मेहुण्याच्या घरी जेवताना बायकोनं हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. मेहुणा हसला नाही.

"चाकू पिशवीत घेऊन फिरतात आणि आठवत नाही? उद्या गॅस चालू ठेवतील. ताई, बाबांना आता एकटं ठेवण्यात अर्थ नाही. इथेच राहू देत. ते घर देऊन टाकू भाड्यानं."

"मला काय झालंय?" सासरे म्हणाले.

"काही होईपर्यंत थांबायचं का? किल्ली ताईकडे द्या तुम्ही."

मेहुण्याची बायको ताट घेऊन आत निघून गेली. सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. जावईबापूंना त्यांच्या कुंड्या दिसू लागल्या. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दाव्यातलं खोटं वाक्य त्यांनी लाल पेनानं अधोरेखित केलं होतं. आज तसं वाक्य बोलणारे सासरे समोर बसून पोळी मोडत होते, आणि ते खोटं त्यांनी जावयासाठीच बोललं होतं.

"चाकू मी ठेवला होता," जावईबापू म्हणाले.

सगळे थांबले. मग मेहुण्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भावोजी, तुम्ही म्हणजे देवमाणूस. पण त्यांना असं पाठीशी घालून भागायचं नाही."

"पाठीशी नाही घालत. खरंच मी ठेवला. रांगेत. घाबरून."

"बघितलंस ताई? सख्खा मुलगासुद्धा एवढं करणार नाही."

बायकोचे डोळे भरून आले. लग्नानंतर तिनं त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. तिथे थांबलं असतं तर जन्मभराचं पुण्य गाठीला लागलं असतं. जावईबापूंना तो मोह झाला, हे कबूल केलं पाहिजे. भाजी वाढून घेण्याइतका वेळ तो टिकलाही.

"अगं, लेबल," ते शेवटी म्हणाले. "सकाळी टॅक्सीत तुझ्या पर्सचं लेबल कशानं कापलं मी?"

बायकोनं पर्सकडे पाहिलं. तिचे डोळे हळूहळू कोरडे झाले. तिनं स्वतःची खुर्ची वडिलांच्या बाजूला सरकवली.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "म्हणजे सगळ्यांसमोर बाबांना... आणि तुम्ही नुसते उभे होता?"

"पंख्याकडे बघत होते," बायको म्हणाली. "मला वाटलं, बाबांची लाज वाटून."

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कोणी ओरडलं नाही. मेहुण्यानं किल्ली उचलून वडिलांसमोर ठेवली आणि जावयाला विचारलं, "ताक घेणार?" परक्या पाहुण्याला विचारतात तसं. जावईबापूंनी ताक घेतलं. ते संपेना आणि टाकायचीही सोय नव्हती.

जेवणानंतर सासरे गॅलरीत उभे होते. जावईबापू मागे जाऊन उभे राहिले. माफीचं वाक्य त्यांनी हात धुताना तयार केलं होतं, ते आता आठवेना.

"बाबा, तुम्हाला तिथेच कळलं होतं?"

"ट्रेमध्ये पिशवी ठेवताना तुम्ही सगळीकडे बघत होता. पिशवीकडे सोडून."

"मग बोलला का नाहीत?"

"रांगेत काय बोलणार? मुलगी शेजारी उभी. तुमचा चेहरा बघवेना मला."

"पण मघाशी तरी! घर जात होतं तुमचं. त्यासाठी तर मी..."

सासऱ्यांनी आत पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही बोललात ते बरंच केलंत. पण घर कुठं जात नव्हतं. हा आपला बोलायला बोलतो, सूनबाई ते होऊ देणार नाहीत. ह्यांच्याकडे जास्तीची खोली एकच. पुढच्या आठवड्यापासून सूनबाईंची आई तिथे राहायला येतेय. पलंगसुद्धा येऊन पडलाय."